मेसेज क्यू: स्वतःची चालवावी की क्लाउडची घ्यावी?

जिनिंगच्या काट्यावर कापसाची गाडी चढते, वजन होतं, पावती निघते. कास्तकाराला एसएमएस, हिशेबात नोंद, चुकाऱ्याची तयारी ही कामं मागाहून झाली तरी चालतात. त्यासाठी मागची गाडी ताटकळत ठेवायची नसेल तर ती कामं मेसेज म्हणून रांगेत टाकायची. हीच मेसेज क्यू. आपल्या सर्व्हरवर रॅबिटएमक्यू हे रांग चालवणारं सॉफ्टवेअर बसवायचं की ॲमेझॉन एसक्यूएससारखी इंटरनेटवरची (क्लाउडची) तयार सेवा घ्यायची, हे मी पुढच्या क्रमाने ठरवतो.

आधी कागदावर आकडे मांडा. मोसमात रोज ३०० गाड्या आणि गाडीमागे ५ मेसेज धरले, तर महिन्याला ४५,००० मेसेज झाले. एसक्यूएसवर पाठवणं, उचलणं आणि पुसणं अशा प्रत्येकी तीन विनंत्या धरा: १,३५,०००. महिन्याला पहिल्या १० लाख विनंत्या फुकट असतात, म्हणजे खर्च शून्य. पण गोम इथेच आहे. रांग रिकामी असताना ‘काही आलं का?’ असं विचारणंही मोजलं जातं. दर सेकंदाला विचारलं तर ३० दिवसांत २५,९२,००० विनंत्या. लाँग पोलिंग (एकदा विचारून उत्तरासाठी थांबणं) २० सेकंदांवर ठेवलं की रिकाम्या रांगेवर त्याच १,२९,६०० होतात.

मग नेटच्या लाइनचा विचार. रांग ॲमेझॉनच्या मुंबईतल्या सर्व्हरवर असो की तुमच्या कपाटात, पावती आधी काट्याच्या कॉम्प्युटरवरच एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या फाइलमध्ये लिहा आणि तिथून पुढे ढकला. ही पायरी मी पहिल्या मोसमात गाळली होती. लॉग फाइलींनी (प्रोग्राम स्वतः लिहीत राहतो त्या नोंदींनी) सर्व्हरची डिस्क भरली. मोकळी जागा ५० एमबीच्या खाली गेली की रॅबिटएमक्यू नवे मेसेज घेणं थांबवतं, ही मूळ सेटिंग मी वाचलीच नव्हती. सर्व्हर चालू, पिंग (जोडणीची तपासणी) ठीक, पण पावती काही निघेना. बाहेर गाड्यांची रांग आणि बैल सोडून बसलेली माणसं. चूक माझीच.

म्हणून तिसरा प्रश्न: रात्री उठणार कोण? स्वतःची रांग डिस्क, अपडेट, बॅकअप सगळं मागते. एक मशीन गेलं तरी मेसेज टिकावेत असं वाटत असेल तर क्वोरम क्यू (मेसेजच्या प्रती अनेक मशीनवर ठेवणारी रांग) लागते, म्हणजे तीन मशीन. गावात तीन मशीन म्हणजे इन्व्हर्टरचाही तेवढाच पसारा. नेट नसतानाही आवारातली कामं रांगेवर चालायलाच हवीत आणि सांभाळणारा माणूस जवळ असेल, तरच मी त्या वाटेने जातो. नाहीतर क्लाउड. काफ्का हे फार मोठ्या कामांसाठीचं सॉफ्टवेअर एवढ्याशा कामाला नकोच.

क्लाउड घेतलं की दोन सेटिंग लगेच बदला. उचललेला मेसेज ३० सेकंदांत पुसला नाही, तर एसक्यूएस तो पुन्हा हाती देतं. एसएमएस पाठवायला वेळ लागला आणि एका काकांना चुकाऱ्याचा निरोप दोनदा गेला. ते दोन्ही रकमा मागायला आले. तेव्हा ही मुदत वाढवा, आणि पाठवण्याआधी पावती क्रमांक तपासा. दुसरं म्हणजे, न उचललेले मेसेज ४ दिवसांनी आपोआप जातात. दिवाळीत हिशेबाचं ऑफिस त्याहून जास्त दिवस बंद राहतं, म्हणून सुरुवातीलाच ते १४ दिवस करून टाका. त्यापुढे वाढत नाही.