रोड रेसमध्ये दम कमी पडत नाही, वाया जातो: या चुका टाळा

हौशी रोड रेसमध्ये मागे पडलेले बहुतेक जण एकच कारण सांगतात, पायात ताकदच उरली नाही. पण एरवी एकट्याने १०० किलोमीटर आरामात मारणारा माणूस ६० किलोमीटरच्या रेसमध्ये ४० व्या किलोमीटरला घोळक्यापासून मागे सुटतो, तेव्हा ताकद त्याच्याकडे होतीच. ती भलत्या ठिकाणी खर्च झाली. हा खर्च कुठे होतो ते ओळखा, नाहीतर महिनोन्‌महिने केलेली मेहनत पहिल्या तासातच उधळली जाते आणि ते बघवत नाही.

वाऱ्याशी एकट्याने झुंजणं

सपाट रस्त्यावर वेग ताशी ३० किलोमीटरच्या पुढे गेला की पायांची बहुतेक मेहनत हवा कापण्यातच जाते. ही मेहनत वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ३० वरून ३३ वर जाताना वेग वाढतो १० टक्के, पण हवेसाठी ताकद लागते जवळपास ३३ टक्के जास्त. पुढच्याच्या मागे नीट चिकटून चालवलं तर साधारण पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. नवखा रायडर मात्र उत्साहाच्या भरात पुढे येतो, कोणी सांगितलेलं नसताना सगळ्यांना ओढत राहतो, आणि चढ लागला की सगळ्यात आधी तोच सुटतो. पुढे आलातच तर अर्धा मिनिट ओढा, तेही वेग न वाढवता, आणि बाजूला होऊन मागे या.

याच्या उलट चूक म्हणजे भीतीपोटी दोन सायकलींचं अंतर ठेवणं. तिथे आडोसा कमी मिळतो आणि ती फट बघून कोणीतरी मध्ये घुसतोच. अर्ध्या-एक चाकाच्या अंतरावर चालवायची सवय ओळखीच्या ग्रुपबरोबर सरावातच लावून घ्यावी लागते, रेसमध्ये ती येत नाही. नजर पुढच्याच्या टायरवर खिळवू नका, त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघा. आणि तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला येऊ देऊ नका. तो जरा सरकला आणि चाकं घासली तर बहुधा मागचाच पडतो. तोल सावरायला जे चाक वळवायचं तेच अडकलेलं असतं.

वारा आडवा असेल तर आडोसा थेट मागे नसतो, तिरका असतो. वारा डावीकडून येत असेल तर तो पुढच्याच्या मागे उजवीकडे मिळतो. एकेक जण तसा सरकत जातो आणि रस्त्याची कड आली की उरलेल्यांना लपायला जागाच राहत नाही. उघड्या माळावरचा पट्टा येण्याआधीच पुढे जागा धरा.

घोळक्याच्या शेपटाला राहणं सुरक्षित वाटतं, पण तिथेच सगळ्यात जास्त दमणूक होते. वळणावर पुढचे थोडा ब्रेक लावतात, मागच्यांना जवळपास थांबावं लागतं, तोवर पुढचे वेग धरून निघालेले असतात. घोळका रबरासारखा ताणला जातो आणि प्रत्येक वळणानंतर शेपटाकडच्यांना स्प्रिंट मारावा लागतो. पहिल्या एक तृतीयांशात राहा. लांबलचक चढ असेल तर तो पुढून सुरू करा, म्हणजे थोडं मागे घसरलात तरी माथ्यावर घोळक्यातच असाल.

सीटवरून उठताना

याबद्दल फारसं कोणी सांगत नाही, आणि म्हणूनच मला हे आवर्जून सांगायचं आहे. चढावर उठून उभं राहताना क्षणभर पेडलवरचा दाब सुटतो, शरीर पुढे जातं आणि सायकल खालून मागे सरकते. मागच्याला तुमचं चाक अचानक हातभर जवळ आलेलं दिसतं. तो ब्रेक दाबतो किंवा धडकतो. उठण्याआधी एक गिअर जड करा. एक पेडल वरून खाली यायला लागलं की त्याच पेडलवर जोर देत उठा, म्हणजे सायकल पुढेच जात राहते. बसतानाही जोर सोडू नका.

भूक लागेपर्यंत थांबणं

स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीराचा साखरेचा साठा, जोरदार रेसमध्ये साधारण दीड-दोन तास पुरतं. दोन तासांहून मोठी रेस असेल तर तासाला ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट धरून चाला. सवय असेल तर ९० पर्यंत जाता येतं, पण मग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही हवेत, कारण आतडी ती वेगवेगळ्या वाटांनी शोषून घेतात. पहिला घास पहिल्या अर्ध्या तासात. चढावर किंवा कोणी अचानक वेग वाढवून पळायला बघत असताना खाणं जमत नाही, म्हणून सपाट, संथ तुकडा दिसला की लगेच खा. पाकिटांची तोंडं आधीच थोडी फाडून ठेवा.

पोट जड वाटलं तर बहुधा एनर्जी जेलबरोबर (पाकिटातून चोखायचा गोड, घट्ट रस) पाणी कमी पडलेलं असतं. डोकं हलकं होऊन पाय रिकामे वाटू लागले तर गोड पेय घ्या आणि दहा-पंधरा मिनिटं मागे लपून काढा.

सायकलच्या कुरबुरी

गिअर आपोआप उड्या मारत असेल तर गिअरच्या केबलवरचा बॅरल अ‍ॅडजस्टर (केबलचा ताण बदलणारा स्क्रू) अर्धा फेरा फिरवून बघा. तरी जमत नसेल तर डिरेलर हँगर, म्हणजे मागची गिअर बदलणारी यंत्रणा जिथे लटकते तो तुकडा, वाकलेला असू शकतो. प्रवासात सायकल उजव्या बाजूवर आडवी पडली की हे हमखास होतं. चेन नवी आणि कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) झिजलेली असेल तरी जोर लावताच चेन घसरते, म्हणून चेन रेसच्या आदल्या दिवशी बदलू नका. चाक काढलेलं असताना डिस्क ब्रेकचा लिव्हर दाबू नका, ब्रेकचे पॅड एकमेकांजवळ येऊन बसतात. डिस्क घासत असेल तर कॅलिपरचे (पॅड धरून ठेवणारा ब्रेकचा भाग) दोन बोल्ट सैल करा, लिव्हर दाबून धरा आणि तसेच पुन्हा आवळा. चेन आतल्या बाजूला उतरली तर लगेच उतरू नका. मोठ्या चेनरिंगचा (पेडलजवळची मोठी दातेरी चकती) गिअर टाकून हलकेच पेडल मारा, बहुतेक वेळा ती परत चढते.

उतार

ब्रेक वळणाआधी, सरळ असतानाच लावा. वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, वजन त्यावर, नजर वळण जिथे संपतं तिथे. सीटपुढच्या आडव्या नळीवर बसून उतरण्याची पद्धत यूसीआयने (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना) १ एप्रिल २०२१ पासून बंद केली आहे. जुनी दृश्यं बघून तिची नक्कल करू नका.

घाईचा स्प्रिंट

समोरून वारा असेल तर थांबा, शेवटचे १५० मीटर उरेपर्यंत दुसऱ्याच्या मागेच राहा. पाठीमागून असेल तर २०० च्याही आधी निघता येतं. आपली सरळ रेषा सोडू नका.

आणि सुटलातच तर

फट चार-पाच सेकंदांची असेल तर लगेच एकच जोरदार प्रयत्न करा. ती अर्ध्या मिनिटाची झाली असेल तर एकट्याने पाठलाग करू नका. वेग थोडा कमी करा, एक घास खा, मागून येणाऱ्या तीन-चार जणांना गाठू द्या आणि त्यांच्याबरोबर पाळीपाळीने ओढत पुढे जा. पुढचा घोळका चढाच्या माथ्यावर किंवा वळणांत मंदावतो, तेव्हा असे गट पुन्हा जोडले जातात.