‘चौकोनी’ कुठे चालतं, ‘चौरस’ कुठे लागतं

‘चौकोनी’ हे सैल विशेषण आहे. डबा, खिडकी, पाट, बर्फीची वडी, चार कोपरे दिसले की आपण चौकोनी म्हणून मोकळे होतो. बाजू सारख्या आहेत की नाहीत, हे त्यातून कळत नाही. बोलताना काही अडत नाही. पाककृती किंवा सुताराला द्यायचं माप लिहिताना अडतं.

केकचंच बघा. ‘मिश्रण चौकोनी ट्रेमध्ये ओता’ एवढंच लिहिलं आणि तुमचा ट्रे 20 बाय 20 सेंमीचा होता. वाचणाऱ्याकडे 20 बाय 30चा आहे, आणि तोही चौकोनीच! तळ 400 चौसेमीचा 600 झाला, 3 सेंमीचा थर 2 सेंमीवर आला आणि दिलेल्या वेळेत केक कोरडा पडला. तिथे ‘20 सेंमी बाजूचा चौरस ट्रे’ असंच लिहा. पनीरला ‘चौकोनी तुकडे’ पुरतं, फक्त जाडी सांगा. तिरपे काप हवे असतील तर ‘शंकरपाळ्यासारखे’ म्हणा, कोणी चुकणार नाही.

बाजू जवळपास सारख्या असतील तर ‘साधारण चौरस’. ‘गोलसर’ सहज चालतं, पण ‘चौकोनीसर’ कानाला खटकतं. एक बाजू मोठी असेल तर ‘लांबट चौकोनी’, उंची जास्त असेल तर ‘उभट चौकोनी’. भूमितीत मात्र समलंबही (समोरासमोरच्या बाजूंची एकच जोडी समांतर असलेला) चौकोनच, म्हणून तिथे चौरस, आयत अशी नेमकी नावंच घ्या.

‘चौरस’चाही एक सापळा आहे. ‘10 चौरस फुटांची खोली’ म्हणजे जेमतेम एक माणूस आडवा होईल एवढी जागा. म्हणायचं असतं 10 बाय 10, म्हणजे 100 चौरस फूट.

व्याकरण सोपं आहे. चौकोनी डबा, चौकोनी पेटी, चौकोनी डब्यात, चौकोनी खिडक्यांना: विशेषण जागचं हलत नाही. नाम मात्र बदलतं: चौकोनाच्या बाजू. ‘चौकोनी आकार असलेला डबा’ हा नुसता पसारा. शुद्धलेखनात घोटाळा होतो तो ‘त्रिकोणी’मुळे. त्यात ण आहे म्हणून ‘चौकोणी’ लिहिलं जातं; इथे न हवा.

काही जोड्या ठरलेल्या आहेत. आई-बाबा आणि दोन मुलं हे चौकोनी कुटुंब, आणि त्यांच्या ताटात चौरस आहार. यांची अदलाबदल केली तर वाचणारा हसेल.