उंदराची पिल्लं तिसऱ्या आठवड्यात दगावतात? आधी आवाज तपासा

पिंजऱ्यात एक पिल्लू मागचे पाय ताठ पसरून मेलेलं, बाकीची ठणठणीत. प्रयोगशाळेतल्या उंदरांची स्ट्रेन (वाण) डीबीए/२ आणि वय २१ दिवसांच्या आसपास असेल, तर संसर्गाच्या मागे लागण्याआधी आवाज शोधा. मोठ्या आवाजाने या पिल्लांना आकडी येते आणि तिचा क्रम ठरलेला असतो: सैरावैरा धावणं, आडवं पडून झटके, मग पाय ताठणं, शेवटी श्वास थांबणं. श्वास थांबताच छोट्या व्हेंटिलेटरने श्वास दिला तर पिल्लू वाचू शकतं, पण उशीर चालत नाही.

किल्ल्यांचा जुडगा, कॉम्प्रेस्ड एअरचा फुसकारा, स्टीलच्या झाकणांची आदळआपट हे नेहमीचे गुन्हेगार. मोबाइलच्या डेसिबल ॲपवर विसंबू नका. उंदराचा कान १६ किलोहर्ट्झच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो, आपल्याला मात्र २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकूच येत नाही. वटवाघळांसाठी मिळतो तसा अल्ट्रासाऊंड मायक्रोफोन पिंजऱ्याच्या उंचीवर ठेवा. सॅम्पलिंग (आवाजाचे नमुने घेण्याचा वेग) निदान २०० किलोहर्ट्झ हवं, आणि मोजणी साफसफाई चालू असतानाच करा. रात्रीच्या शांततेत मोजून काही हाती लागत नाही.

दोन-तीन महिन्यांनी हेच उंदीर घंटेलाही दाद देत नाहीत. बरे झाले असं समजू नका, ते बहिरे झालेले असतात. खात्रीसाठी टाळी वाजवून कान हलतो का पाहणं अगदीच ढोबळ. त्यापेक्षा एबीआर करा, म्हणजे आवाजाला श्रवणमार्गाकडून येणाऱ्या विद्युत प्रतिसादाच्या लाटा मोजा. भूल देऊन सुयांचे इलेक्ट्रोड टाळू, कानामागे आणि पाठीवर लावा. ८, १६ आणि ३२ किलोहर्ट्झचे ध्वनी ९० डेसिबलपासून ५-५ ने उतरवत, लाटा दिसतात ती सर्वांत खालची पातळी नोंदवा. भुलेत अंग गार पडतं आणि लाटा उशिरा येतात, म्हणून गरम गादीवर शरीराचं तापमान ३७ अंश सेल्सिअसला धरा. तुलनेला सीबीए/सीएजे ही चांगलं ऐकू येणारी स्ट्रेन घ्या. सी५७बीएल/६जे ही स्ट्रेन नको: तिलाही काही महिन्यांत वरच्या पट्टीचं ऐकू येईनासं होतं.

मुद्दाम आकडी आणून पाहायची असेल तर प्राणी नीतिसमितीची परवानगी हवीच. घंटा सुमारे ११० डेसिबलची, जास्तीत जास्त ६० सेकंद; नुसती संवेदनशीलता पाहायची असेल तर धावणं सुरू होताच घंटा बंद.

सी५७बीएल/६ उंदीर एरवी अशा आवाजाला दाद देत नाही, पण लहान वयात एकदा मोठा आवाज पडला तर काही दिवसांनी तोही आकडीला बळी पडू शकतो. कानाला इजा होऊन आत येणारी माहिती घटते आणि मेंदूतलं श्रवणकेंद्र, मुख्यतः इन्फिरिअर कॉलिक्युलस, अतिउत्तेजित होतं. म्हणून फायर अलार्मची चाचणी पिल्लांचं वय पाहून ठरवा. अलार्म वाजलाच, तर ती तारीख त्या खोलीतल्या प्रत्येक पिंजऱ्याच्या कार्डावर लिहा.