लिनक्स रोज वापरताय? या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे बरेच धडधाकट लॅपटॉप त्या सुमारास लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर आले. बहुतेकांनी लिनक्स मिंट किंवा उबुंटू या लिनक्सच्या तयार आवृत्त्या टाकल्या. सुरुवातीचे काही दिवस मजेत जातात. मग एका सकाळी वायफाय दिसत नाही, किंवा पासवर्ड बरोबर टाकूनही डेस्कटॉप उघडत नाही, आणि माणूस थेट पेनड्राइव्ह काढून सगळं पुन्हा टाकायला बसतो. कृपया असं करू नका. काय बिघडलंय ते लिनक्स बहुतेक वेळा स्क्रीनवर लिहून दाखवतं. ते न वाचता उत्तर शोधत सुटण्यातूनच निम्म्या अडचणी उभ्या राहतात. खाली लिहिलेलं मिंट आणि उबुंटूला धरून आहे.

विंडोज शेजारी ठेवताना

दोन्ही सिस्टिम एकाच लॅपटॉपवर असतील तर सगळ्यात जास्त छळते ती विंडोजची 'फास्ट स्टार्टअप' सोय. ती चालू असताना विंडोज 'शट डाउन' केलं तरी पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग लिनक्समधून डी ड्राइव्ह उघडायला जावं तर तो उघडत नाही, किंवा उघडला तरी त्यात काही सेव्ह होत नाही. लोक याला डिस्क खराब झाली समजतात. डिस्कला काही झालेलं नसतं. विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ती खूण काढा आणि विंडोज नीट बंद करा. हातघाईची वेळ असेल तर विंडोजमधून 'रीस्टार्ट' करून लिनक्समध्ये या, कारण रीस्टार्टला ही सोय लागू होत नाही.

घड्याळाचा घोळही इथलाच. लिनक्स मशीनच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तिथे स्थानिक वेळ आहे असं धरून चालतं. त्यामुळे लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलात की वेळ साडेपाच तास मागे. बॅटरीचा सेल बदलून काही होणार नाही. 'टाइमडेटसीटीएल' या कमांडने लिनक्सलाच स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की भांडण मिटतं.

आणि बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी सोय) वगैरे काहीही बदलण्याआधी विंडोजवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, चालू आहे का ते पाहा. असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. ती नसताना विंडोज अडून बसलं तर आतला डेटा गेलाच म्हणून समजा.

'वाय' दाबण्याआधी

टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) काहीही इन्स्टॉल करताना एपीटी, म्हणजे पॅकेजं टाकणारं-काढणारं साधन, आधी यादी दाखवतं: काय नवीन येणार, काय अपग्रेड होणार आणि काय काढून टाकलं जाणार. यातली काढून टाकायच्या पॅकेजांची यादी वाचल्याशिवाय 'वाय' दाबायचं नाही. एक लहानसा प्रोग्राम टाकताना पन्नास पॅकेजं काढली जाणार असं दिसलं, तर 'एन' दाबून थांबा.

नोव्हेंबर २०२१ मधलं प्रसिद्ध उदाहरण आहे. यूट्यूबवरचे लायनस सेबॅस्टियन पॉप ओएस या लिनक्सच्या आवृत्तीवर स्टीम हा गेमचा प्रोग्राम टाकत होते. त्या दिवसांत पॉप ओएसच्या पॅकेजमध्येच दोष होता. सॉफ्टवेअरच्या दुकानाने स्टीम टाकायला नकार दिला, म्हणून ते टर्मिनलकडे वळले. एपीटीने इशारा दिला की यात सिस्टिमची अत्यावश्यक पॅकेजं जातील, आणि पुढे जायचं असेल तर 'येस, डू ॲज आय से' हे पूर्ण वाक्य टाइप करायला सांगितलं. त्यांनी ते केलं आणि अख्खा डेस्कटॉप निघून गेला. मूळ चूक पॅकेज बनवणाऱ्यांची होती, हे खरंच. पण इशारा समोर होता. पुढे एपीटीमध्येही ही वाट अधिक अवघड करण्यात आली.

याच घरातली दुसरी चूक: 'लॉक मिळत नाही' असा संदेश आला की इंटरनेटवरच्या सल्ल्याने ती लॉकची फाइल उडवून टाकणं. त्या संदेशाचा अर्थ एवढाच की दुसरा कोणीतरी आत्ता पॅकेजं हाताळतो आहे, बहुधा मागे चाललेलं आपोआप अपडेट. दहा मिनिटं थांबा. फाइल उडवली आणि दोघांनी एकदम लिहायला घेतलं तर पॅकेजांची नोंदवहीच बिघडते. अपडेट चालू असताना वीज गेली असेल, तर 'डीपीकेजी'ला (एपीटीच्या हाताखालच्या साधनाला) अर्धवट राहिलेलं काम पूर्ण करायला सांगणारी एक कमांड आहे. संदेशातच ती अक्षरशः छापून येते. तीच चालवा.

पासवर्ड बरोबर, तरी पुन्हा लॉगिनचीच खिडकी

याला घाबरून फॉरमॅट करणारे फार. आधी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळा पडदा येईल, तिथे नाव आणि पासवर्ड टाका. आत गेलात म्हणजे तुमचं खातं शाबूत आहे. आता दोनच गोष्टी तपासायच्या.

पहिली, डिस्क भरली आहे का. 'डीएफ' कमांडने कळतं. १०० टक्के दिसलं तर डेस्कटॉपला तात्पुरत्या फाइली लिहायलाही जागा उरलेली नसते. बऱ्याचदा जागा खाल्लेली असते टाइमशिफ्टच्या (सिस्टिमच्या प्रती घेणाऱ्या प्रोग्रामच्या) जुन्या स्नॅपशॉटनी, म्हणजे प्रतींनी, कारण ते त्याच पार्टिशनवर साठत राहतात. दोन-तीन ठेवा, बाकीचे काढा.

दुसरी, होम फोल्डरमधली 'एक्सऑथॉरिटी' नावाची लपलेली फाइल कोणाच्या मालकीची आहे. तिच्यापुढे तुमच्या नावाऐवजी 'रूट' (सिस्टिमचं सर्वाधिकारी खातं) दिसलं, तर कधीतरी सुडो, म्हणजे रूटचे अधिकार देणारी कमांड, लावून फाइल मॅनेजर किंवा एडिटरसारखा खिडकीवाला प्रोग्राम उघडला गेला आहे. मालकी परत स्वतःच्या नावावर करा, लॉगिन होईल. यापुढे खिडकीवाल्या प्रोग्रामला सुडो लावू नका. परवानगीची अडचण आली की सगळ्या फोल्डरला '७७७' (कोणालाही काहीही करण्याची मुभा) देऊन टाकण्याचा सल्लाही सर्रास मिळतो, तो तर अजिबात ऐकू नका.

अपडेटनंतर वायफाय किंवा स्क्रीन गेली तर

नवा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आला आणि ब्रॉडकॉम किंवा रिअलटेकच्या वायफाय चिपचा ड्रायव्हर त्याच्याशी जुळला नाही, असं होतं. जुना कर्नल अजून मशीनवर असतो. सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून ग्रबचा (काय सुरू करायचं ते निवडण्याचा) मेनू आणा, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडा आणि काम चालू ठेवा. ड्रायव्हर आणायला इंटरनेट हवं, तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग करा. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

एनव्हीडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल आणि सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्टला निळा पडदा येतो, तिथे 'एनरोल मॉक' (ड्रायव्हरला मान्यता देणारा पर्याय) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत 'कंटिन्यू' दाबलं की ड्रायव्हर असूनही चालत नाही.

आणखी एक: टाइमशिफ्ट हे सिस्टिमचं संरक्षण आहे, तुमच्या फोटोंचं नाही. होम फोल्डर ते मुळात वगळतं. फोटो आणि कागदपत्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावीच लागेल.

मराठीचं काम

इथे थोडं थांबून सांगावंसं वाटतं, कारण मराठी नीट उमटली नाही म्हणून लिनक्स सोडणं मला मनापासून वाईट वाटतं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट मांडणी जोडली की बाकी काही न टाकता टाइप करता येतं. फोनेटिक (इंग्रजी उच्चारानुसार टायपिंग) हवं असेल तर आयबस किंवा एफसीआयटीएक्स या टायपिंगच्या साधनांपैकी एकच निवडा, आणि निवडल्यावर लॉगआउट करून परत या. दोन्ही एकदम ठेवले की एका खिडकीत मराठी येते, दुसरीत येत नाही.

'दुसऱ्या' लिहायला गेलात आणि 'दुसर्या' उमटलं, तर फाँट बदलत बसू नका. साधा र दाबला गेला आहे. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि जे दाबून ऱ घ्या, मग डी दाबून हलन्त, मग य आणि काना. ळ हवा असेल तर शिफ्ट आणि एन.

श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फाँटमधल्या फाइली उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ती फाइल बिघडलेली नाही, ती युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीतच नाही. फाँट टाकला तर वाचता येईल, पण शोधता येणार नाही. कामाच्या फाइली एकदा युनिकोडमध्ये बदलून घेतलेल्या बऱ्या.

लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस प्रोग्राममध्ये वर्डची फाइल उघडल्यावर पानं सरकतात, याचं कारणही बहुधा फाँटच. कॅलिब्री आणि कँब्रियाच्या जागी कार्लिटो आणि कॅलाडिया टाका, अक्षरांची रुंदी तीच असल्याने ओळी जागेवर राहतात. मराठी मजकूर मात्र मंगलमध्ये असेल तर सरकेलच. समोरच्याला फाइल फक्त वाचायची असेल तर पीडीएफ पाठवा. लिब्रेऑफिस शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलमध्ये मराठीतून धडे आहेत.

बदलण्याआधी तपासा

एचपीच्या लेझरजेट १०२० या प्रिंटरला एचपीएलआयपी या एचपीच्या ड्रायव्हरखेरीज वेगळा प्लगइनही लागतो, आणि सिस्टिम अपग्रेड झाली की तो पुन्हा टाकावा लागतो. कॅनन एलबीपी २९०० हा प्रिंटर चालू करण्यात बराच वेळ जातो. उबुंटू घेणार असाल तर एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती, घ्या, त्याला ५ वर्षं अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्यांना फक्त ९ महिने. मिंट २२ ला २०२९ पर्यंत. टॅली, फोटोशॉप किंवा एक्सेलच्या मॅक्रोंवर रोजचा व्यवसाय चालत असेल तर त्या एका मशीनवर विंडोज राहू द्या आणि घरच्या लॅपटॉपपासून सुरुवात करा. डिजिटल सहीचं टोकन असेल तर ते लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे लिनक्स इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच सुरू करून, आधी चालवून पाहा, मगच डिस्कला हात लावा.