टू-डू ॲपमधली कामं साध्या टेक्स्ट फाइलीत आणताना

माझ्या यादीत ‘पुन्हा विचारणे’ असं एक काम आहे. कुणाला, कशाबद्दल, देव जाणे. ॲपमध्ये ते एका मोठ्या कामाच्या पोटात होतं, म्हणून कळायचं. एक्स्पोर्ट केल्यावर, म्हणजे यादी ॲपमधून फाइलीत काढल्यावर, ते बाहेर पडलं आणि अनाथ झालं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

आधी ॲपमध्येच झाडून घ्या. दोन वर्षं पुढे ढकललेली कामं कशाला सोबत न्यायची?

मग एक्स्पोर्ट. टूडूइस्ट या ॲपमध्ये एकेका प्रोजेक्टच्या मेनूतून सीएसव्ही फाइल (एक्सेलमध्ये उघडता येणारा साधा तक्ता) मिळते. तिच्यात फक्त बाकी असलेली कामं येतात, पूर्ण झालेली येत नाहीत. गूगल टास्कसाठी गूगल टेकआउटमध्ये, म्हणजे आपला डेटा उतरवून घ्यायच्या गूगलच्या पानावर, जाऊन तेवढं टास्क निवडायचं. तिथे जेसन नावाच्या वेगळ्या प्रकारची फाइल मिळते. पुढचं मी सीएसव्ही धरून सांगतो.

या फाइलीवर डबल क्लिक करू नका. एक्सेलमध्ये ती तशी उघडली की मराठीच्या जागी टोप्या घातलेली परदेशी अक्षरं दिसू शकतात. घाबरू नका, मजकूर शाबूत असतो. कोरी शीट उघडा, ‘डेटा’मधून टेक्स्ट किंवा सीएसव्ही आणायचा पर्याय घ्या आणि एन्कोडिंगच्या (अक्षरं साठवायच्या पद्धतींच्या) यादीत ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा.

आता खरं काम. ‘इंडेंट’ नावाचा एक कॉलम दिसेल. १ म्हणजे मुख्य काम, २ म्हणजे त्याच्या पोटातलं. पण कुणाच्या पोटातलं, हे कुठेच लिहिलेलं नसतं. वरची सगळ्यात जवळची १ची ओळ म्हणजे त्याचा बाप. सगळा हिशोब ओळींच्या क्रमावर. म्हणून तारखेनुसार सॉर्ट करायचा मोह आवरा. आधी प्रत्येक पोटकामाला बापाचं नाव जोडा: ‘फोन करणे’चं ‘नळाची गळती: फोन करणे’ करा. यासाठी फॉर्म्युला रचत बसू नका. दोनशे कामं हाताने अर्ध्या तासात होतात, आणि होता होता आणखी वीस कामं फालतू निघतात.

तारखांकडेही एकदा बघा. परत परत येणाऱ्या कामांना तारीख नसते, ‘दर सोमवारी’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द असतात. ते तसेच राहू द्या.

नव्या टेक्स्ट फाइलीत एका ओळीत एकच काम. मी टूडू डॉट टीएक्सटी ही कामं साध्या मजकुरात लिहायची पद्धत वापरतो:

(A) 2024-06-15 नळाची गळती: फोन करणे +घरदुरुस्ती @फोन

कंसातला ए इंग्रजी कॅपिटल हवा, तो अग्रक्रम. मग काम नोंदल्याची तारीख. अंक इंग्रजीच ठेवा. काही मराठी, काही इंग्रजी झाले की क्रम लावताना दोन वेगळे ढीग पडतात. अधिकच्या चिन्हापुढे प्रोजेक्ट, ॲटपुढे जागा किंवा साधन. या शब्दांत मोकळी जागा चालत नाही, म्हणून ‘घरदुरुस्ती’ जोडून. काम झालं की ओळीच्या सुरुवातीला छोटा एक्स आणि एक स्पेस.

सगळं नोटपॅडमध्ये पेस्ट करा, यूटीएफ-८मध्ये सेव्ह करा आणि ओळी मोजा. माझी कामं २१४, ओळी भरल्या २३१. जास्तीच्या १७ ओळी टिपांमधल्या होत्या: टीप लिहिताना जिथे एंटर मारला होता, तिथे काम तुटलं होतं. अशा सेलभोवती पेस्ट करताना दुहेरी अवतरणचिन्हं येतात. ती शोधली की तुटलेल्या जागा सापडतात.

टेक्स्ट फाइल वाजत नाही, हे ध्यानात ठेवा. ज्यांची आठवण हवीच, ती कामं कॅलेंडरमध्ये टाका.

आणि मूळ सीएसव्हीची एक प्रत बाजूला ठेवून मगच हात लावा. मी सॉर्ट केलेली फाइल त्याच नावाने सेव्ह केली आणि ॲपमधलं खातं त्याच संध्याकाळी बंद केलं. ‘पुन्हा विचारणे’चा बाप अजून सापडलेला नाही.