ॲरिझोनात वाळवंटी कासव दत्तक घेताना

कासवाला स्वतःच्या शरीराची ऊब स्वतः राखता येत नाही. त्यामुळे त्याचे खाणे, पचन, झोप आणि आजारपण भोवतालच्या हवेवर अवलंबून असते, आणि पाळण्यासाठी जात निवडताना आपल्या अंगणात बारा महिने हवा कशी असते याचा विचार सर्वांत आधी करावा लागतो. फिनिक्स, चँडलर किंवा टुसॉन येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, कारण त्या हवेत हजारो वर्षे जगत आलेले सोनोरन वाळवंटी कासव तेथे कायदेशीररीत्या दत्तक मिळते. (भारतातील वाचकांनी मात्र हा मार्ग आपल्याकडे शोधू नये. आपले स्टार कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि ते घरी ठेवणे हा गुन्हा आहे.)

प्राण्यांच्या दुकानांत बहुतेक वेळा दिसते ते आफ्रिकेतील सुलकाटा कासवाचे पिल्लू. ते तळहातावर मावते, गोजिरवाणे दिसते आणि घेणाऱ्याला पुढच्या वीस वर्षांची कल्पना येत नाही. पूर्ण वाढलेला सुलकाटा नर पंचेचाळीस किलोंच्याही पुढे जातो, कुंपणाच्या भिंतीखालून बोगदे खणतो आणि शीतनिद्रा घेत नाही, त्यामुळे फिनिक्समधील हिवाळ्याच्या थंड रात्रींसाठी त्याला ऊब दिलेली खोली बांधून द्यावी लागते. त्या भागातील सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आश्रयस्थानांत अशी नकोशी झालेली सुलकाटा कासवे मोठ्या संख्येने येतात. माझ्या मते साध्या उपनगरी घरात सुलकाटाचे पिल्लू आणूच नये. दक्षिण अमेरिकेतील लाल पायांच्या कासवाला दमट हवा लागते, म्हणून कोरड्या वाळवंटात तेही योग्य नाही.

वाळवंटी कासवाची गोष्ट वेगळी आहे. २०११ साली मोहावी वाळवंटातील कासवापासून निराळी जात म्हणून ओळखले गेलेले हे सोनोरन कासव पूर्ण वाढल्यावर साधारण जेवणाच्या ताटाएवढे होते, पन्नास ते ऐंशी वर्षे जगू शकते आणि उन्हाळ्याचा दाह व हिवाळ्याची थंडी दोन्ही बिळात राहून काढते. जुलैपासून सप्टेंबरपर्यंतच्या तेथील पावसाळ्यात ते सर्वाधिक हिंडते आणि खाते. ऑक्टोबरच्या सुमारास ते शीतनिद्रेत जाते आणि मार्चच्या आसपास बाहेर येते.

कायद्याची बाजू नीट समजून घ्यावी. रानातील कासव उचलून आणण्यास बंदी आहे, आणि पाळलेले कासव रानात सोडण्यासही बंदी आहे, कारण पाळीव कासवांतील श्वसनरोग रानातील कासवांत पसरू शकतो. दत्तक देण्याची कासवे ही आधीच माणसांच्या ताब्यात राहिलेली, म्हणजे कोणी परत केलेली, कोणाच्या घरी अंड्यांतून निघालेली किंवा बेकायदा बाळगलेली असतात. ॲरिझोना गेम अँड फिश खाते, म्हणजे राज्याचे वन्यजीव खाते, ती देते आणि टुसॉनमध्ये ॲरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियमही असा उपक्रम चालवते. कासव आपल्या नावावर होत नाही. आपण केवळ त्याचे पालक असतो. ते विकता येत नाही, त्याची पैदास करता येत नाही आणि राज्याबाहेर नेता येत नाही. ही शेवटची अट आपल्या लोकांनी विशेष लक्षात घ्यावी. नोकरी बदलून टेक्सास किंवा न्यू जर्सीला जाण्याची वेळ आली, तर कासव सोबत येणार नाही, ते खात्याकडे परत द्यावे लागेल. व्हिसाच्या अनिश्चिततेत असलेल्या किंवा भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाने म्हणूनच थोडे थांबणे बरे.

अर्ज करण्यापूर्वी अंगण तयार असावे लागते, कारण अर्जासोबत कुंपण आणि बीळ यांची छायाचित्रे द्यावी लागतात. कामाचा खरा भार बिळावरच आहे. जमीन खणून, सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती उभारून, त्यांवर जाड प्लायवूड टाकून वर मातीचा चांगला जाड थर द्यावा, म्हणजे आत उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात स्थिर तापमान राहते. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेला होता. अशा दिवसांत बीळ उथळ असेल तर ते भट्टीच ठरते. तोंड पश्चिमेला ठेवू नये, कारण दुपारनंतरचे ऊन थेट आत शिरते. हिवाळ्यासाठी निराळे बीळ करणार असाल तर त्याचे तोंड दक्षिणेला असावे. बिळाच्या दारापुढील जमीन बाहेरच्या बाजूस उतरती ठेवावी, अन्यथा पावसाळ्यातील एकाच वादळात आत पाणी साचते. अंगणाला भक्कम भिंत हवी, पोहण्याच्या तलावाला वेगळा कठडा हवा आणि कुत्रा असेल तर दोघांना एकत्र सोडता येणार नाही, मग तो कितीही गरीब स्वभावाचा असो.

खाण्याच्या बाबतीत आपल्या ओळखीची झाडे उपयोगी पडतात. तेथील हिरवळीत सर्रास लावलेले बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळी, आणि ती या कासवाला चालते. जास्वंदाची फुले व पाने, तुतीची पाने आणि फड्या निवडुंगाची पाने व फळेही चालतात. कीटकनाशक किंवा रासायनिक खत मारलेले काहीही देऊ नये. फिनिक्सच्या कुंपणांवर दिसणारी कण्हेर विषारी आहे, घाणेरीही टाळावी. दोन्ही अंगणात असतील तर मुळासकट काढून टाकावीत. भात, पोळी, मांस, कुत्र्याचे खाद्य यांतले काहीही त्याच्या पोटासाठी नाही, आणि घरातील आजी-आजोबांना हे प्रेमाने पण स्पष्ट सांगावे लागते. पालकाची भाजीही वरचेवर नको. पाण्यासाठी उथळ थाळी पुरते. त्यात बसून कासव पाणी पिते. त्याला उगाच उचलू नये, कारण घाबरल्यावर ते मूत्राशयात साठवलेले पाणी सोडून देते आणि वाळवंटात ती तूट भरून निघणे कठीण असते.

एकच कासव घ्यावे. दोन नर भांडतात, एकमेकांना उलथवतात, आणि उन्हात उताणे पडलेले कासव तापून मरते. नर आणि मादी एकत्र ठेवल्यास अंडी होतात, आणि तेच तर कायद्याला नको आहे.

कासव घ्यायला जाताना त्याचे नाक ओले आहे का, नाकातून फुगे येतात का, डोळे सुजले आहेत का, श्वासाचा आवाज होतो का, हे पाहावे आणि पूर्वीच्या आजारांची नोंद मागून घ्यावी. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य आधीच शोधून ठेवावा, कारण कुत्र्यामांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात ही सोय नसते. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जीवाणू असू शकतात, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुणे मुलांना पहिल्या दिवसापासून शिकवावे. पाच वर्षांखालील मूल घरात असेल तर अधिक सावध राहावे.

शक्य असल्यास वसंतात, एप्रिल-मेच्या सुमारास कासव आणावे. सप्टेंबरअखेर आणलेले कासव नव्या जागेत धड रुळण्याआधीच झोपेची तयारी करू लागते आणि ते खात नाही ते ऋतूमुळे की आजारामुळे, हे नवख्या पालकाला कळत नाही. घरी आणल्यावर त्याला अंगणाच्या मध्यभागी न ठेवता संध्याकाळच्या थंड वेळी बिळाच्या तोंडाशी ठेवावे आणि पहिले काही दिवस रोज पाहत राहावे. ते दुपारच्या आत आपणहून बिळात परतते की नाही, एवढेच तपासायचे असते. परतत नसेल तर बिळाची जागा किंवा दिशा बदलावी लागेल.