बंद पडलेल्या वाचनालयात शिरताना

देवघेवीच्या टेबलामागे मी पंधरा वर्षं काढली, त्यामुळे बंद पडलेलं वाचनालय दिसलं की पाय आपोआप तिकडे वळतात. पण कुलूप तुटलेलं दिसलं म्हणून आत घुसायचं नाही. इमारत ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडून लेखी परवानगी घ्या, एकाला सोबत न्या आणि तुम्ही किती वाजता बाहेर येणार ते तिसऱ्या कुणाला सांगून ठेवा.

जाड तळव्याचे बूट, हातमोजे, दोन टॉर्च आणि एन-95 मास्क एवढं हवंच. नाकाला रुमाल बांधून भागत नाही. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत बुरशीचे बीजाणू असू शकतात आणि ते धुळीबरोबर थेट फुप्फुसात जातात. आत काही झाडू नका. पुस्तकावर फुंकर मारायची माझी जुनी खोड आहे, ती मास्कमुळेच सुटली.

आत गेल्यावर पुस्तकांकडे धावू नका, आधी जमीन आणि छत बघा. कागद फार जड असतो. राहत्या खोलीची जमीन चौरस मीटरला साधारण 200 किलोंचा भार धरून बांधतात, पुस्तकांच्या दाट रॅकखालची 700 किलोंहून जास्त धरून. मुळात दुसऱ्याच कामासाठी बांधलेल्या इमारतीत वाचनालय थाटलेलं असेल आणि छत गळत असेल, तर वरच्या मजल्यावर जाऊच नका. भिजलेला कागद आणखी जड होतो. लाकडी जमिनीवर खिळ्यांची रांग शोधा. रांग असते तिथे खाली तुळई असते, पाय तिथेच टाकायचा. एकदा मी बेफिकिरीने दोन रांगांच्या मधे पाय टाकला आणि घोट्यापर्यंत आत गेले. फळी वरून चांगली तुकतुकीत होती, खालून वाळवीने पोखरलेली.

रॅकला टेकू नका. खालचे कप्पे रिकामे आणि वरचे भरलेले असतील तर तो कधीही अंगावर येईल. भिजून फुगलेली पुस्तकं कप्प्यात पाचर मारल्यासारखी अडकून बसतात, ती ओढू नका. सुटं पुस्तक काढायचं तर शेजारची दोन आत ढकला आणि पाठीला मधोमध धरा. वरच्या टोकाला बोट अडकवून ओढलंत तर पाठ हातात येते.

मग जा देवघेवीच्या टेबलाशी. टेबलासमोरची फरशी कुठे झिजली आहे ते पाहिलं की रांग कुठून कुठे लागायची ते कळतं. रॅकच्या कडेच्या पाट्यांवर 800, 900 असे आकडे असतील तर ती पुस्तकं विषयवार लावायची, 1876 मध्ये निघालेली ड्युईची दशांश पद्धत. अक्षरं, आकडे आणि मधे अपूर्णविराम (:) असेल तर बहुधा भारतीय ग्रंथालयतज्ज्ञ रंगनाथनांची द्विबिंदू पद्धत, 1933 सालची.

माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे तालिकेचं, म्हणजे पुस्तकांच्या सूचीच्या कार्डांचं कपाट. साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरची कार्डं, खालच्या भोकांतून ओवलेला लोखंडी गज. खण हळूच ओढा आणि कार्डांच्या वरच्या कडा तिरक्या उजेडात बघा. काही ठिकाणी कडा काळपट, गुळगुळीत झालेल्या दिसतील. लोकांची बोटं फिरली ती तिथेच. शेजारचा पट्टा कोरा करकरीत असेल, तर तो विषय कुणी विचारलाच नाही. गज काढू नका. एकदा कार्डं विस्कटली की तो क्रम पुन्हा लागत नाही.

दाखल नोंदवही, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात नोंदतात ती वही, सापडली तर तिचं शेवटचं भरलेलं पान आणि चार-सहा पुस्तकांत चिकटवलेल्या देवघेवीच्या तारीखचिठ्ठ्या, दोन्हींचे फोटो काढा. मी पाहिलेल्या एका वाचनालयात नोंदवहीतली शेवटची खरेदी शेवटच्या देवघेवीच्या तीन वर्षं आधीची होती. म्हणजे नवं पुस्तक येणं थांबल्यावरही लोक तीन वर्षं जुनीच नेत होते. दाराला कुलूप लागलं त्यानंतर.

एकही कार्ड खिशात घालू नका. शिक्का मारलेलं पुस्तक अजून कुणाच्या तरी मालकीचं आहे. काही वाचवण्याजोगं दिसलं तर रॅक आणि कप्पा लिहून, फोटोंसह परवानगी देणाऱ्यांकडे द्या. घरी आल्यावर बूट दाराबाहेर काढा, कपडे वेगळे धुवा आणि पिशवी उन्हात उलटी करून झटका. झटकणं संपेपर्यंत मास्क तोंडावरच राहू द्या.